मोर्वानसाहेबांचं पदक आणि पद्मिनीकाकूंचं सूप

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या मराठी मंडळात एक बातमी कानोकानी फिरत होती. अडुसष्ट वर्षांच्या पद्मिनीकाकू सबनीसांनी शेजारच्या रॅले शहरातल्या सरकारी कचेरीत एका फ्रेंच शास्त्रज्ञाशी गुपचूप लग्न केलं. कशासाठी? तर त्याला ग्रीन कार्ड मिळावं म्हणून.

बातमी आणली कादंबरी देवस्थळीने. ती त्या कचेरीत आपल्या लेकीच्या, आन्याच्या, जन्मदाखल्याची प्रत घ्यायला गेली होती. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं हो! काकू मोरपिशी पैठणीत, तो कोटात. दोघांनी सह्या केल्या आणि समोरच्या बाईने हात मिळवला." त्याच मजल्यावर लग्नाचे परवाने मिळतात, त्यामुळे पुढचं सांगायची गरजच नव्हती. कादंबरीने ते तरीही सांगितलं. मीही सांगितलं. खोटं कशाला बोलू, दोन घरी तर मी तिच्या आधी पोचलो होतो.

आता हा नवरदेव कोण, ते सांगतो.

नाव जिल्बेर मोर्वान. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी म्हणून समुद्राकाठचा मुलूख आहे, तिथला. वडिलांची पीठगिरणी होती. गिरणीच्या नसराळ्यात दाणे अडकले की वडील लाकडी हातोड्याने दोन ठोके घालत आणि दाणे पुन्हा सुरू होत. एकदा मुलाने विचारलं, "ठोकल्यावर का पडतात?" वडील म्हणाले, "पडतात ना? मग झालं." या माणसाचं मात्र तेवढ्यावर झालं नाही. उभा जन्म त्याने त्या एका प्रश्नावर घातला.

पॅरिसला शिकले, डॉक्टरेट केली. बरोबरचे लोक ताऱ्यांच्या आणि अणूंच्या मागे लागले, हे ढिगाऱ्यांच्या. वाळू ओतली की तिचा ढीग एवढाच उतरता का होतो, धान्याचं कोठार अचानक का तुंबतं, डोंगर कधी घसरतो, औषधाच्या दोन पावडरी एकत्र हलवल्या की मिसळायच्या ऐवजी वेगळ्या का होतात, हे त्यांचे विषय. वर्गमित्र त्यांना किराणा-शास्त्रज्ञ म्हणून चिडवायचे. एकतिसाव्या वर्षी त्यांना दाण्या-पावडरींचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या युरोपीय संस्थेने कांस्यपदक दिलं. पदक केवढं? अनारशाएवढं. मागे कोरलेलं: तीन वर्षांतून एकदा, एकालाच. कडेवर त्यांचं नाव.

मग वीसेक वर्षं तिकडेच शिकवलं. लग्न झालं. बायको एका दंतवैद्याबरोबर निघून गेली. हे त्यांनी आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. बरं, विचारलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी इथल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने बोलावलं, तेव्हा दोन बॅगा आणि एक पदक घेऊन आले. व्हिसा कामाचा, मुदत सहा वर्षांची.

आमची ओळख झाली ती शिवच्या दुकानामुळे. शिव म्हणजे आमचा वाणी. गोऱ्या गिऱ्हाइकांना तो आधीच ओळखतो: एक नान, एक सॉस, संपलं. या माणसाने काउंटरवर पंधरा किलो मोहरी, दहा किलो साबुदाणा आणि खसखशीची सगळीच्या सगळी पाकिटं ठेवली.

"साहेब, लोणचं किती घालणार?" शिवने विचारलं.

"मी खात नाही. मी फक्त हलवतो," साहेब म्हणाले.

आठवडाभरात सगळ्या कॅरीला ते माहीत झालं. शिवने त्यांचं नाव मोरवणकर काका ठेवलं आणि दर महिन्याची मोहरी बाजूला काढून ठेवू लागला. त्या वर्षी गणपतीला त्यानेच त्यांना मंडळाच्या हॉलवर जेवायला बोलावलं.

तिथे मागच्या ओट्यावर पद्मिनीकाकू तीनशे माणसांच्या मसालेभाताचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. काकू मूळच्या अमरावतीच्या. सबनीसकाका गेल्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. काकू स्वतः एका औषध कंपनीतून निवृत्त, अमेरिकन नागरिक, आणि साडीच्या घडीत गुंडाळून आणलेलं सूप जवळ बाळगून असलेल्या कॅरीतल्या एकमेव बाई. अमेरिकेतल्या तांदळात खडे कुठले? पण काकूंचं म्हणणं, "पाकिटावर लिहिलंय म्हणून खडा ऐकणार आहे का?" त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल. काकू गाडी वाईट चालवतात. म्हणजे पोलिसांनी थांबवावं एवढी नाही, पण गतिरोधक आला की पाय ब्रेकवर जायच्या ऐवजी जिभेवर राम येतो, आणि वळण असं घेतात की मागच्या सीटवरची कोथिंबीर पुढे येते.

तर मोर्वानसाहेब हातात मोदकाची ताटली घेऊन उभे राहिले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मोदक गार झाला. काकू सूप कधी वर उडवत होत्या, तेव्हा कोंडा उडत होता; कधी आडवं गोल घोळवत होत्या, तेव्हा तांदूळ एकीकडे आणि कणी दुसरीकडे जात होती.

"मादाम, हे काय केलंत?"

"घोळलं."

"आणि आधी?"

"पाखडलं."

"दोन्ही का?"

"अहो, नुसतं पाखडून कचरा जातो, खडा नाही जात. खडा घोळल्याशिवाय हाती लागत नाही. तुमच्या आईने नाही शिकवलं?"

साहेबांनी ताटली खाली ठेवली. अकरा वर्षं ते आपल्या बादल्या नुसत्या वर-खाली हलवत होते. मोहरीच्या बादलीत तळाशी एखादी मोठी वस्तू ठेवायची, बादली हलवायची, आणि ती वस्तू वर येते का बघायचं, हा त्यांचा मुख्य प्रयोग. गोटी यायची, अक्रोड यायचा. चपटी आणि जड वस्तू काही केल्या यायची नाही. आडवं घोळवून बघावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढचे आठ महिने काकू दर गुरुवारी त्यांच्या प्रयोगशाळेत. सूप घेऊन. साहेब त्यांच्या मनगटाला छोटी मोजयंत्रं बांधत आणि काकू साबुदाणा घोळत. गुरुवारांबद्दल लोकांनी काय काय तर्क केले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. तोंडी विचारा, सांगेन. त्यातून एक शोधनिबंध निघाला. दोन लेखक: जी. मोर्वान, आणि पी. सबनीस. पत्त्याच्या जागी मोर्वानांचं विद्यापीठ, आणि काकूंच्या नावाखाली त्यांच्या टाउनहाउसचा घर नंबर. काकूंनी ते पान फ्रेम करून देवघराच्या वर लावलं. आरतीला गेलं की सगळ्यांना वाचावंच लागतं.

इथपर्यंत सगळं गोड. मग व्हिसा संपत आला.

लग्नाची बातमी फिरली त्याच वर्षीच्या तीस सप्टेंबरला सहा वर्षं पुरी होत होती. त्यानंतर राहायचं तर ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर हवा. नाहीतर बादल्या सोडून परत. परत कुठे? गिरणी विकली गेलेली, तिथे आता उन्हाळ्यात भाड्याने खोल्या मिळतात. भाऊबहीण नाही. एकसष्टाव्या वर्षी तिकडे कोण नोकरी देणार? आणि घोळण्याचा प्रयोग नुकता कुठे सुरू झालेला. "मी म्हातारा झालो याचं काही नाही," ते एकदा मला म्हणाले, "पण प्रश्न आत्ता कुठे तरुण झालाय."

काकूंनी त्यांना हाताला धरून शैलजा टिकेकरकडे नेलं. शैलजा एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात, 'असामान्य गुणवत्ता' दाखवून ग्रीन कार्ड मागणाऱ्यांच्या फायली तयार करते. आमच्यातल्या निम्म्या लोकांना आपण असामान्य आहोत हे तिच्यामुळे कळलं. तिचा स्वतःचा अर्ज भारतीयांच्या रांगेत चौदा वर्षं उभा आहे. "मी म्हणजे सगळ्यांची लग्नं जुळवणारी, स्वतः बिनलग्नाची," असं ती म्हणते आणि पुढची फाइल उघडते.

तिने साहेबांचा बायोडेटा हातात घेतला. दीड पान.

"एवढाच? पेपर किती आहेत तुमचे?"

"साठेक."

"इथे तर बाराच आहेत."

"बाकीचे तितके चांगले नाहीत."

शैलजाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काकू, हे काय आणलंत तुम्ही? अहो, आपली पोरं एका पेपरची चार पानं करतात! ऑफिसात केक मिळाला तर 'रेकग्निशन'खाली लिहितात!" मग साहेबांकडे वळून इंग्रजीत, "पुरस्कार?"

"एक. जुना."

"संस्थांचं सदस्यत्व?"

"पोहण्याच्या क्लबचं."

"वर्तमानपत्रात आलंय कधी?"

"हो. सायकल चोरीला गेली तेव्हा."

कायद्यात या गुणवत्तेच्या पुराव्याचे दहा मथळे असतात, त्यातले किमान तीन सिद्ध करावे लागतात. शैलजाने दीड महिना खपून दोन पक्के केले: लोकांनी त्यांच्या कामाचे दिलेले हवाले, आणि इतरांचे निबंध तपासायचं काम. तिसरा मथळा पुरस्काराचा, म्हणजे ते पदक. पदकाची पेटी साहेबांच्या टेबलाच्या खणात होती. उघडली. आत मखमलीत गोल खळगा, आणि खळग्यात काही नाही.

साहेबांनी कपाळाला हात लावला. प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलवली, त्या गडबडीत गेलं असणार, असं म्हणाले. वकिलाने 'पदक हरवलं आहे' असं निवेदन जोडून अर्ज पाठवला. एप्रिलमध्ये, गाड्यांवर पाइनच्या परागाचा पिवळा थर बसतो त्या दिवसांत, सरकारचं पत्र आलं: पुरस्काराचा पुरावा द्या, त्याचे निकष दाखवा, मुदत बारा आठवडे. हे पत्र म्हणजे काय, ते आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. ते आलं की घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नाही.

शैलजाने फ्रान्सला पत्रं पाठवली. संस्था पंधरा वर्षांपूर्वी बंद पडलेली, तिची कागदपत्रं कुठल्या तळघरात आहेत कुणाला ठाऊक नाही. ज्यांनी पदक दिलं ते तिन्ही परीक्षक वर गेलेले. निकष कुठे सापडणार? ते तर त्या पदकाच्याच पाठीवर कोरलेले! प्रयोगशाळेतलं प्रत्येक कपाट उपसलं. काकूंनी गणपतीला नवस बोलला आणि सेंट अँथनीलाही, कारण हरवलेल्या वस्तू तो बघतो असं साहेबांनी सांगितलं होतं. "दोघांत मिळून बघा म्हणावं," काकू म्हणाल्या, "भांडू नका."

जून उजाडला. साहेब वस्तू वाटायला लागले. सायकल एकाला, पुस्तकं विद्यापीठाला. एका शनिवारी ते शिवच्या दुकानात आले आणि म्हणाले, "शिव, सप्टेंबरनंतर माझी मोहरी ठेवू नकोस."

"काका, मग ती घेणार कोण?" शिव म्हणाला.

त्याच वेळी काकूही तिथे होत्या, शैलजाला दुकानातून घरी सोडायला निघालेल्या. शैलजाच्या सहा पिशव्या होत्या. काकूंनी गाडीची डिकी उघडली, तर आत झाकण लावलेली एक पांढरी प्लास्टिकची बादली.

"काकू, ही काढा ना, माझं सामान बसत नाहीये."

"राहू दे गं. मोर्वानसाहेबांची मोहरी आहे ती. लॅब हलवताना टाकून देत होते. लॅबची म्हणून पोटात नको, आणि धान्य म्हणून टाकवत नाही. वाफ्यात पेरीन म्हणून जानेवारीत ठेवली, ती राहिलीच."

"जानेवारीपासून डिकीत?"

"मग काय झालं? ती काय खायला मागते?"

शैलजाने वैतागून बादली ओढली. झाकण कधीचं तडकलेलं होतं, ते तिच्या हातात आलं. आणि ती जी किंचाळली, ती ऐकून शिव आतून झाडू घेऊन धावला. त्याला वाटलं उंदीर.

मोहरीच्या अगदी वर, सपाट, उताणं पडलेलं पदक. त्यावर दुपारचं ऊन.

"मेडल!" शैलजा ओरडली. "काकू, मेडल! माझा तिसरा मथळा!"

मोर्वानसाहेब आले. वाकून बघितलं. शैलजाने पदक उचलायला हात घातला, तर त्यांनी तो धरला. "हात लावू नका! वर आलंय. बघा, वर आलंय!"

"अहो, वर येऊ दे नाहीतर खाली जाऊ दे, मिळालं ना!"

पण ते कुठले ऐकतात? त्यांना आता सगळं आठवलं. चपट्या, जड वस्तूचा प्रयोग करायचा होता. वजन तंतोतंत माहीत असलेली तशी वस्तू एकच जवळ होती, ती म्हणजे स्वतःचं पदक. ते बादलीच्या तळाशी ठेवलं. तुलनेसाठी आधी चार तास यंत्राने नुसतं वर-खाली हलवलं. वर आलं नाही. वहीत तशी नोंद केली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सामान हलवणारे आले, आणि साहेबांनी त्याच बादलीला झाकण लावून ती काकूंना दिली. वर न आलेली गोष्ट माणसाच्या ध्यानात राहत नाही.

"मादाम," त्यांनी काकूंना विचारलं, "तुमच्या घरापासून इथपर्यंत गतिरोधक किती?"

"अकरा."

"आणि गोल वळणं?"

"तीन. पण ती मी सरळच घेते."

"पाच महिने! रोज!" ते शिवला म्हणाले. "वर-खाली आणि आडवं, दोन्ही! पाखडलं आणि घोळलं!" शिवने झाडू छातीशी धरून मान डोलावली. शैलजा फोनवर फोटो काढत होती आणि डोळे पुसत होती. काकू तेवढ्या गंभीर होत्या. "म्हणजे माझ्या ड्रायव्हिंगला आता कुणी नावं ठेवायची नाहीत," त्या म्हणाल्या.

वकील खूश झाला, पण एक अडचण होती. सरकारला आधी 'हरवलं' असं कळवलेलं. आता 'सापडलं' म्हणायचं तर कसं, कुठे, कुणाला, हे शपथेवर सांगायला हवं. ठेवणाऱ्यानेही आणि जिच्या गाडीत सापडलं तिनेही. शैलजाने मसुदा केला: पदक श्रीमती सबनीस यांच्या गाडीत मोहरीच्या बादलीत सापडलं. साहेबांनी तो वाचला आणि परत केला.

"'बादलीत' नको. 'वर' लिहा. मोहरीच्या वर."

"सर, ऑफिसरला त्याने काय फरक पडतो?"

"मला पडतो. शपथेवर लिहायचं तर खरं लिहा."

शैलजाने 'वर' लिहिलं. ऑफिसची नेहमीची नोटरीबाई सुटीवर होती, म्हणून दोघांना रॅलेच्या त्या कचेरीत जावं लागलं. साहेबांनी कोट घातला, कारण ते सही करायला कोट घालतात. काकू पैठणी नेसल्या, कारण तिथून परस्पर एका डोहाळजेवणाला जायचं होतं. आणि कादंबरी तिथे होती, कारण जिथे काही घडतं तिथे ती असतेच.

सप्टेंबरच्या नऊ तारखेला मंजुरी आली. शैलजाने साहेबांच्या आधी शिवला फोन केला, मोहरी ठेवायला सांगायला. संध्याकाळी दुकानात पेढे वाटले. कादंबरीने पेढा तोंडात टाकला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय काकू, नुसत्या पेढ्यांवर भागवता? लग्नाचं जेवण कधी?"

काकूंनी पदर सारखा केला. नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. साहेबांना मराठी थोडंथोडं कळतं. 'लग्न' कळलं असावं, कारण ते कानापर्यंत लाल झाले आणि साबुदाण्याच्या पोत्याकडे बघू लागले. नंतर मी काकूंना एकटं गाठून म्हटलं, अहो, खुलासा करून टाका ना एकदाचा. तर म्हणतात कशा, "नऊ वर्षांत माझ्याबद्दल कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. बोलू देत की चार दिवस!"

दुसरा निबंध आता छापून आलाय. लेखक तेच दोघे. त्यात एक तक्ता आहे: गतिरोधकांची संख्या, वळणांची संख्या, गाडीचा वेग. वेगाच्या रकान्यात काकूंनी सांगितलेला आकडा आहे, तेव्हा त्या एका रकान्यावर विश्वास ठेवू नका. या कामासाठी फ्रान्समधल्या लिऑनच्या एका परिषदेने मोर्वानसाहेबांना पुढच्या वसंतात मानाचं व्याख्यान द्यायला बोलावलंय. त्यांनी उलट कळवलं की वक्ते दोन असतील आणि एका सुपाची विमानात सोय करावी. पदक पेटीत नाही. ते पुन्हा एका बादलीच्या तळाशी आहे आणि बादली काकूंच्या डिकीत. यंदा मोहरीऐवजी राजगिरा आहे.

लग्न झालेलं नाही. त्या दिवशी त्या दोघांनी नोटरीसमोर एका शपथपत्रावर सह्या केल्या. पदक मोहरीच्या वर सापडलं, असं त्यात लिहिलं होतं.